सारजेचा घास

फार वर्षांपूर्वी, हिंगणदऱ्यात पिठाची गिरणी आली नव्हती आणि पहिल्या कोंबड्याबरोबर घरोघरी जाती घरघरायची, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची एक खाण आहे. आता तिथं करवंदीच्या जाळ्या माजल्यात आणि मधोमध जुन्या जात्यांचा ढीग पडलाय. त्या ढिगातल्या दगडाला आमच्याकडं कुणी हात लावत नाही. पायरीला नाही, चुलीला नाही, म्हशीचं दावं अडकवायलाही नाही. परगावचा एखादा गवंडी चांगला घडीव दगड बघून हरखतो, तर त्याला पाणी पाजून वाटेला लावतात. का, ते ऐका.

त्या खाणीत केरू पाथरवट जाती घडवायचा. त्याच्या जात्याचं पीठ असं मऊ पडायचं, की तान्ह्या बाळाच्या अंगाला लावावं. असं म्हणतात, की आसपासच्या गावांतल्या पोरी सासरी जाताना बापाजवळ पैंजण मागायच्या नाहीत, केरूचं जातं मागायच्या. माणूस मोठा कसबी होता, पण व्यवहाराला अगदी गलथान. बायको अंथरुणाला खिळली आणि त्याच सुमारास पाऊसही रुसला, तेव्हा त्यानं घरोघर उचल घेतली. उचल म्हणजे कामाच्या आधीच घेतलेला मोबदला. कुणाकडून पायलीभर जोंधळे, कुणाकडून गुळाची ढेप, कुणाकडून बायकोच्या अंगावर घालायला घोंगडं. जातं संक्रांतीला देतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. संक्रांत यायची आणि जायची. बायको काही वाचली नाही. कुणाकडून काय घेतलं ते सगळं केरूच्या डोक्यात होतं, आणि एके दिवशी खाणीत दरड सुटली, ती नेमकी त्याच्यावरच आली.

दगड बाजूला केला तेव्हा केरूचे ओठ हलत होते. त्याची पोर सारजा तोंडाशी कान नेऊन बसली होती. आवाज काही फुटला नाही. ओठ हलायचे थांबले, तरी ती बराच वेळ तशीच कान लावून बसली.

घरात सारजा आणि केरूची विधवा बहीण ठमाआत्या, अशी दोनच माणसं उरली. सारजेचं लग्न पलीकडच्या वाडीत ठरलं होतं. केरूला मुलगा नव्हता, पण भावाचा मुलगा होता, निवृत्ती. घरचा बरा, स्वतःची बैलगाडी असलेला. आमच्याकडं रीत अशी, की मयतापुढं विस्तवाचं मडकं धरून जो चालतो, त्याच्याकडं गेलेल्याचं घरदारही येतं आणि देणंही येतं. केरूच्या घरात होतं काय? एक घण, चार छिन्न्या आणि एक शेळी. देणं किती, ते कुणालाच ठाऊक नाही. निवृत्ती त्या दिवशी पायाला हळद-चुना थापून, फडकं गुंडाळून ओट्यावर बसून राहिला. पाय मुरगळलाय म्हणाला. तिसऱ्या दिवशी तोच पाय बाजारच्या वाटेनं झपाझप चालताना गावानं पाहिला, पण तोंडावर कोण बोलणार?

मग मडकं सारजेनं धरलं. मयताबरोबर बायकांनी नदीवर जायची तेव्हा रीत नव्हती. म्हातारे कुरकुरले, पण त्यांच्यातल्या एकानंही पुढं होऊन मडकं हातात घेतलं नाही.

दहाव्याला गाव नदीवर जमलं. सारजेनं पिंड ठेवले आणि ती मागं सरली. समोरच्या बाभळीवर कावळे होते. त्यातला एक, पंखात एक पांढरं पीस असलेला, खालच्या फांदीवर उतरला. त्यानं मान वाकडी करून पिंडाकडं पाहिलं आणि तो तिथंच बसून राहिला.

कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग जमलेली माणसं एकेक वचन देतात. गावचे कान्हू पाटील हात जोडून म्हणाले, की केरू, पोरीच्या लग्नाला आम्ही उभे राहू. कावळा हलला नाही. ठमाआत्या म्हणाली, शेळी मी जिवापाड सांभाळीन. कुणी पिंडाशेजारी तंबाखूची चिमूट ठेवली. ऊन डोक्यावर आलं. कावळा शिवल्याशिवाय कुणाला घरी जाता येईना, पोटात कुणाच्या अन्न नाही, कडेवरची पोरं किरकिरायला लागली. शेवटी जोशीबुवा म्हणाले, की दर्भाचा कावळा करून शिववू आणि मोकळे होऊ, शास्त्राला ते चालतं.

शास्त्राला चालत असेल, पण सारजेच्या डोळ्यांपुढून ते हलणारे ओठ जाईनात. आबांना काय सांगायचं होतं, ते तिला त्या क्षणी कळल्यासारखं झालं. ती पुढं झाली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"आबा, तुमचं ज्याचं ज्याचं देणं असंल, ते मी देईन. जो येईल त्याला देईन. जे मागंल ते देईन. कुणाला नाही म्हणायची नाही."

शब्द पुरते संपले नाहीत तोच कावळा झेपावला आणि पिंड फोडून गेला. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, धोतरं झटकली आणि ते घराकडं निघाले. एकटी ठमाआत्या कपाळाला हात लावून वाळूत बसली होती. पहिलं बोललीस तेवढं पुरं होतं गं, असं ती पुटपुटत राहिली, पुढचं कशाला बोललीस.

म्हातारीला कळलं ते पोरीला कळलं नव्हतं. बापाचं देणं अंगावर घ्यायचं, तर बापाचं असेल तेवढंच घ्यावं. सारजेनं घेतलं ते मागणाऱ्याच्या जिभेवर सोपवून दिलं, आणि ते घाटावरच्या प्रत्येकानं ऐकलं होतं.

आधी खरी माणसं आली. दबकत, संकोचत आली. सारजा प्रत्येकाला एकच विचारायची, की आबांनी तुमच्याकडून काय घेतलं होतं. विणकराची म्हातारी म्हणाली, घोंगडं, त्याच्या कोपऱ्याला लाल दोरा होता बघ. सारजेला तो दोरा आठवला. शेवटच्या दिवसांत आई तोच बोटाला गुंडाळत राहायची. सारजा खाणीत गेली, बापाच्या छिन्न्या हातात घेतल्या आणि म्हातारीचं जातं घडवून दिलं. लहानपणापासून बापाशेजारी बसून टाकी मारलेली पोर ती, हात बापाचाच होता. म्हातारीच्या घरी पीठ पडलं ते थेट केरूच्या जात्याचं पडायचं तसं.

मग बाकीचे आले. वरच्या आळीतल्या एका घरी मुलीचं लग्न होतं, त्यांना जातं हवंच होतं. ते म्हणाले, आमच्याकडूनही उचल घेतली होती. काय घेतलं होतं? पायलीभर जोंधळे. त्यांचं जातं झालं, तसं शेजारच्या घराला आठवलं. काय घेतलं होतं? पायलीभर जोंधळे. खोटं बोलायचं तर निदान नवीन तरी बोलावं, पण तेवढेही कष्ट कुणी घेतले नाहीत. पाटलीणबाई चंद्राक्का आल्या. त्यांच्या घरी दोन जाती आधीच होती आणि केरूनं पाटलांच्या उंबऱ्याला जन्मात पाय लावला नव्हता. त्यांनीही पायलीभर जोंधळेच सांगितले. सारजा त्यांच्याकडं बघत राहिली, मग मान हलवली आणि दगड निवडायला गेली.

ठमाआत्याला राहवलं नाही. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती पोरीवर चिडली. खोटं आहे हे तुला कळतंय, मलाही कळतंय, मग तोंड उघडून नाही म्हण ना एकदा.

"एकाला नाही म्हटलं, तर माझा शब्द मोडला," सारजा म्हणाली. "त्या शब्दावर कावळा शिवलाय आत्या. शब्द मोडला तर आबा वाटेतनं मागं फिरतील. मग ते कुठं जातील?"

 म्हातारीनं भाकरी उलटली आणि पदर डोळ्याला लावला.

पलीकडच्या वाडीतल्या लोकांनी एक वर्ष वाट पाहिली. मग त्यांनी निरोप धाडला, की मुलगी चांगली आहे, पण तिच्यामागनं मागणाऱ्यांची रांग आमच्या दारात यायची. मुलाचं लग्न त्यांनी दुसरीकडं लावलं. त्यांनी सारजेकडं जातं मागितलं नाही, एवढाच काय तो त्यांचा मोठेपणा. वरात खालच्या रस्त्यानं गेली तेव्हा सारजा खाणीत होती. वाजंत्री ऐकू आली तशी तिनं घण खाली ठेवला, वाजंत्री वळणाआड गेली तसा परत उचलला.

असं म्हणतात, की तो पांढऱ्या पिसाचा कावळा रोज खाणीच्या कडेला येऊन बसायचा. सारजा भाकरीचा पहिला तुकडा त्याला द्यायची आणि तो तिच्या हातातून घेऊन खायचा. असंही म्हणतात, की त्या वर्षांत खाणीलाच तिची दया आली. तिनं रेघ ओढावी आणि दगड त्या रेघेवर आपोआप दुभंगावा. तिच्या घणाचा आवाज तीन गावांत जायचा, म्हणून तान्ही मुलं दचकू नयेत यासाठी ती एक घाव घालून थांबायची, मग दुसरा घालायची. तिच्या केसांत दगडाची भुकटी बसली ती धुऊन निघेना. वयानं तरुण, पण लांबून बघणाऱ्याला म्हातारी वाटायची. पुढं ती खोकायला लागली.

आणि मग घरोघरी एक विचित्र गोष्ट घडायला लागली. विणकराच्या म्हातारीकडं, आणि खरं सांगून जातं नेलेल्या प्रत्येक घरात, पीठ लोण्यासारखं पडायचं. पण खोटं सांगून नेलेल्या जात्याचं पीठ कचकचायचं. भाकरी तोंडात घातली की दाताखाली खडा. ज्वारी निवडून घेतली, पाखडून घेतली, धुऊन वाळवून घेतली, तरी खडा. दगड त्याच खाणीचा, हात तोच, टाकी तीच. लोकांनी जाती परत आणली. सारजेनं मुकाट्यानं परत टाकी लावून दिली. पुन्हा कचकच. मग बायका पीठ फडक्यातून गाळायला लागल्या. प्रत्येकीला वाटायचं, हे आपल्याच घरात होतंय. प्रत्येकीला त्याचं कारण आतून ठाऊक होतं, म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. अख्खी आळीच्या आळी दारं लोटून पीठ गाळत बसायची.

चंद्राक्कांना मात्र गप्प बसवेना. पाणवठ्यावर त्या मोठ्यानं म्हणाल्या, की पोरीनं केरूचं नाव बुडवलं, बापाचा हात हिच्यात आला नाही. सारजा घागर घेऊन मागंच उभी होती. लग्न मोडलं तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी घरी आली आणि भरली घागर तशीच खाली ठेवून रडली. ज्या बापासाठी हाडं झिजवली, त्याचंच नाव तिच्या हातानं काळं होत होतं.

आत्यानं विणकराच्या घरचं आणि पाटलांच्या घरचं, असं दोन्हीकडचं चिमूटभर पीठ मागून आणलं. सारजेनं दोन्ही जिभेवर ठेवून बघितलं. मग म्हणाली, की दगडाला कळतंय आत्या. म्हातारी उठलीच. चावडीवर जाऊन सांगते म्हणाली, सगळ्यांची तोंडं एकदा दिसू देत. सारजेनं तिचा हात धरून खाली बसवलं. आपण बोललो तर ते नाही म्हटल्यासारखंच होईल, असं तिचं म्हणणं. दगडाला बोलायचं ते दगड बोलू दे. त्या हिवाळ्यात आत्याही गेली, आणि सारजेला घरात बोलायलाही कुणी उरलं नाही.

शेवटी कोण आलं असेल? निवृत्ती आला. ज्यानं देणं नको म्हणून पायाला फडकं बांधलं, तो दारात उभा राहून म्हणाला, की काकांनी माझ्याकडूनही उचल घेतली होती. मला मोठं जातं पाहिजे, दोघींनी मिळून ओढायचं. सारजेनं नेहमीप्रमाणं विचारलं, काय घेतलं होतं. तो पायलीभर जोंधळे म्हणाला, आणि म्हणताना त्यानं मान दुसरीकडं फिरवली. सारजा तेव्हा भिंतीला धरून उभी राहायची. खोकली की पदरावर रक्त यायचं. तरी तिनं मान हलवली.

ते जातं तिनं पुरं केलं. एका सकाळी गावाला घणाचा आवाज आला नाही. त्याऐवजी खाणीवरून कावळा ओरडायला लागला, तो थांबेचना. लोक वर गेले तर सारजा त्या मोठ्या दगडाला पाठ टेकून बसलेली, खुंटा ठोकून झालेला, छिन्नी मांडीवर. निवृत्तीनं जवळ जाऊन हाक मारली. ती केव्हाच गार झाली होती.

या वेळी पायाला फडकं बांधायचं निवृत्तीला धाडस झालं नाही. मडकं त्यानंच धरलं.

दहाव्याला पुन्हा तीच नदी, तीच बाभळ, तोच पांढऱ्या पिसाचा कावळा. पिंड ठेवले. रोज तिच्या हातातून भाकरी खाणारा कावळा खालच्या फांदीवर बसला, मान वाकडी करून त्यानं पाहिलं आणि तो हलेना. पाटील म्हणाले, तिच्या नावानं पार बांधू. कावळा हलेना. गावजेवण घालू म्हणाले. हलेना. ऊन चढलं. माणसं एकमेकांकडं बघेनात, सगळ्यांच्या नजरा वाळूत.

पहिला निवृत्ती उठला. त्यानं पिंडापुढं डोकं टेकलं.

"सारजे, काकांनी माझ्याकडनं काही घेतलं नव्हतं. मी खोटं बोललो."

तो उठला, तसाच खाणीत गेला, आणि ते मोठं जातं, जे अजून त्यानं खाली आणलंही नव्हतं, त्याच्यापुढं लहान पोरासारखा रडत बसला. मग वरच्या आळीतले उठले. मग त्यांचे शेजारी. एकेक जण पिंडापुढं आला आणि तेच बोलला. चंद्राक्का उठल्या तेव्हा पाटलांनी त्यांचा हात धरायला पाहिलं, तो त्यांनी सोडवून घेतला. बोलून झालेल्या माणसांनी घरी जाऊन जाती उपटली आणि डोक्यावर, पाठीवर, गाडीत घालून खाणीत नेऊन टाकली. दिवसभर ती जाती चढण चढत होती. घणाचा आवाज तीन गावांत जायचा, तसा त्या दिवशी दगडावर दगड पडल्याचा आवाज गेला, असं म्हणतात.

संध्याकाळी सगळे परत नदीवर आले, हातपाय धुऊन उभे राहिले. आता कावळा शिवणार म्हणून कुणाला शंकाच नव्हती.

कावळा शिवला नाही.

लोक थांबले. कुणीतरी अजून बोललं नव्हतं. अजून एक जातं कुणाच्या तरी घरात होतं. ज्यांनी खरं सांगून नेली होती त्यांची जाती घरातच होती, आणि त्यांच्यातच मिसळून ते एक खोटं लपलं होतं. कोणतं खरं, कोणतं खोटं, ते एकट्या सारजेला ठाऊक, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरोघरी दळून पारखावं, तर दिवस मावळत आलेला, आणि भाकरी खाऊन पारखावं, तर पीठ फडक्यातून गाळलेलं असलं म्हणजे काय कळणार? पाटलांनी पुन्हा पुन्हा विचारलं, शपथा घातल्या. कुणी पुढं आलं नाही. दर्भाचा कावळा करू, असं जोशीबुवांनीसुद्धा सुचवलं नाही. अंधार पडला, कावळा उडून गेला, आणि पिंड तसेच नदीत सोडावे लागले. आपल्या बापाला वाटेला लावणारी पोर स्वतः वाटेवर उभी राहिली, या एका गोष्टीनं गाव हादरून गेलं.

ज्यानं लपवलं तो मेला, त्याची मुलं मेली, नातवंडं मेली. तोपर्यंत या घरच्या मुली त्या घरात गेल्या, त्या घरच्या या घरात आल्या. आता ते देणं कुणाच्या रक्तात आहे, हे सांगता येत नाही, म्हणून ते आम्हा सगळ्यांचं आहे. दर सर्वपित्रीला गाव खाणीत जातं. प्रत्येक घर जात्यांच्या ढिगापाशी एक घास ठेवतं, आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, की सारजे, आमच्या कुणी घेतलं असेल तर ते आमच्याकडं आहे, आमचं असेल तेवढं आम्ही देणं लागतो.

आणि गावात कुणी गेलं, की दहाव्याला नदीवर गाव पिंडाभोवती दाटीनं उभं राहतं. मुलगा असो की मुलगी, त्यानं म्हणायचं, तुमचं जे देणं असेल ते मी देईन. तेवढं म्हटलं रे म्हटलं, की सगळं गाव एका आवाजात ओरडतं, "तेवढंच!" दुःखाच्या भरात त्या पोराच्या तोंडून पुढचा शब्द निघू नये म्हणून. परगावचे पाहुणे दचकतात. दचकू देत. त्या दिवशी केरूच्या दहाव्याला एवढा एक शब्द ओरडायला घाटावर कुणी नव्हतं.

आता गिरणी आहे, घरात जातं कुणाच्याच नाही. पण अजूनही जेवताना कुणाच्या दाताखाली खडा आला, की तो थुंकून टाकत नाहीत. घास ताटात ठेवतात, आणि घरातली म्हातारी सगळ्यांकडं बघून विचारते, कुणाचं काही राहिलंय का रे. पोरंसुद्धा त्या वेळी खरं सांगतात.

सर्वपित्रीला खाणीत गेलात तर कावळा दिसेल. पंखात पांढरं पीस असलेला. खाणीच्या कडेला बसतो, मान वाकडी करून सगळ्या घासांकडं बघतो. गाव दिवस मावळेपर्यंत उभं असतं. अजून तो शिवलेला नाही.